घर चाकांवर, अर्थिंग कशावर?

पुणेकर माणूस खरेदीला निघाला की प्रश्न विचारण्यात कुणाला हार जात नाही. मेथीची जुडी घेताना तिचं गाव विचारेल, चपला घेताना तळव्याचं वंशवृत्त काढेल. पण एक वस्तू अशी आहे की जी तो एकही प्रश्न न विचारता घेतो, आणि ती म्हणजे स्पाइक गार्ड. पांढरी पट्टी, चार सॉकेट, एक लाल दिवा. आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत ती आहे. कोणाची कोणापासून गार्ड करते, हे मी आमच्या मजल्यावर सात जणींना विचारलं. पाच जणी म्हणाल्या, “सॉकेट कमी पडतात म्हणून घेतली.” एक म्हणाली, “व्होल्टेज वाढलं तर वाचवते.” सातवी झोपली होती.

या लेखाचा विषय खरं तर स्पाइक गार्ड नाही. विषय आहे चाकांवरच्या घराला, म्हणजे कॅराव्हॅनला, विजेच्या झटक्यांपासून संरक्षण काय आणि कसं निवडायचं. हा विषय आपल्या मासिकात कशाला, असं कुणी विचारेल. तर माझ्या मते कॅराव्हॅन हे आपल्या हॉस्टेलच्या खोलीचंच चालतं-फिरतं रूप आहे. दुसऱ्याच्या सॉकेटवर जगायचं, त्या सॉकेटमागे काय आहे ते ठाऊक नाही, आणि तरी आत लॅपटॉप, फ्रीज आणि आपला जीव ठेवायचा. (माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे शुद्धलेखनाच्या तक्रारी संपादकांकडे कराव्यात ही नम्र विनंती. इलेक्ट्रिकलच्या तक्रारी मात्र थेट माझ्याकडे.)

आमचं घर शनिवार पेठेत, एका जुन्या वाड्यात. कॉलेज गावाबाहेर असल्याने मी हॉस्टेलवर राहते आणि शनिवारी शनिवार पेठेत जाते. या पेठेत दुचाकी लावायच्या जागेवरून तीन पिढ्यांची भांडणं चालतात, तिथे कॅराव्हॅन हा शब्दच चेष्टेचा वाटेल. पण माझ्या काकाने रिटायर झाल्यावर एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. हो, तीच, पुण्याच्या फोर्स मोटर्सची, जी कंपनी २००५ पर्यंत बजाज टेम्पो म्हणून ओळखली जायची. सीट काढून दोन बर्थ, छोटा ओटा, फ्रीज, पंखे आणि छपरावर एक एसी. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून काकाच्या डोक्यात हे खूळ होतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. म्हणजे कागदोपत्री बाजू पुण्यात बसून निस्तरता येते. प्रश्न उरला तो वायरिंगचा. आणि घरात इलेक्ट्रिकलची टी.ई.ची मुलगी असताना काकाने दुसऱ्या कुणाला का विचारावं?

काकाचा प्रश्न एका ओळीचा होता. “अगं, गाडीसाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर कुठला?”

माझं म्हणणं असं की हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे तीन कुणी विचारत नाही आणि नेमके तेच तीन माणसं मारतात. चौथा फक्त फ्रीज मारतो.

झटके किती प्रकारचे?

आपण सगळ्याला सरसकट ‘व्होल्टेज वाढलं’ म्हणतो. पण डॉक्टरने सर्दी आणि हार्ट अटॅकला एकच गोळी दिली तर चालेल का? इथेही चार वेगळे आजार आहेत.

पहिला, खरा सर्ज. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, किंवा लाइनवर मोठी मोटर चालू-बंद झाली, की काही हजार व्होल्टचा एक काटा येतो आणि जातो. प्रयोगशाळेत सर्ज तपासायचा तर ८/२० मायक्रोसेकंदांचा करंट वापरतात. आठमध्ये चढतो, विसाव्याला निम्म्यावर येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या एका सायकलला २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा सगळा खेळ एका सायकलच्या हजाराव्या भागात आटोपतो.

दुसरा, टिकून राहणारं जास्त किंवा कमी व्होल्टेज. नियमाप्रमाणे २३० व्होल्टमध्ये सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण न्यूट्रल तुटला की हे गणित कोलमडतं. तिसरा, अर्थिंग नसणं. चौथा, फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल, किंवा त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकणं. याला आमचे वायरमन ‘जंपर’ म्हणतात.

स्पाइक गार्ड यातल्या फक्त पहिल्या आजाराचं औषध आहे. तेसुद्धा आत खरोखर औषध असेल तर!

गोळीच्या आत काय असतं

सर्ज प्रोटेक्टरच्या पोटात असते एक एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. निळ्या बिस्किटासारखी चकती. आत मुख्यतः झिंक ऑक्साइडचे दाणे. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ इन्सुलेटर असते, व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की एकदम वाहू लागते आणि काटा स्वतःवर घेते. प्रत्येक मोठ्या झटक्याने ती थोडी म्हातारी होते. एक दिवस निकामी होते आणि पट्टीचा लाल दिवा मात्र पूर्वीसारखाच जळत राहतो, कारण पुष्कळदा तो दिवा फक्त ‘सप्लाय आहे’ एवढंच सांगत असतो.

आता दुसऱ्या आजाराकडे या. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये आपण स्टार कनेक्शनची गणितं करतो. लोड नेहमी ‘बॅलन्स्ड’ असतो, न्यूट्रलमधून करंट शून्य, सात मार्क, पुढचा प्रश्न. वाड्यात लोड कधीच बॅलन्स्ड नसतो. आमच्या वाड्यात थ्री-फेज येते, जिन्याखाली मीटरांची रांग, आणि तिथून एकेक फेज एकेका बिऱ्हाडाला. न्यूट्रल सगळ्यांचा एकच. समजा तो न्यूट्रल सैल होऊन सुटला. खालच्या जोशीकाकूंचा १००० वॅटचा गीझर एका फेजवर, वरच्या मजल्यावरचा १०० वॅटचा टीव्ही दुसऱ्या फेजवर. आता हे दोघं एकमेकांच्या सिरीजमध्ये ४०० व्होल्टवर बसले. गीझरचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम, टीव्हीचा ५२९ धरा. करंट निघतो ०.६९ अँपिअर. गीझरला मिळतात ३६ व्होल्ट आणि टीव्हीला ३६४! काकूंना वाटतं पाणी का तापत नाही, आणि वर टीव्हीतून धूर. (जोशीकाकू काल्पनिक आहेत, गणित खरं आहे.)

हे नुसतं गणित नाही. मी सातवीत असताना आमच्या वाड्यात एका संध्याकाळी हेच झालं. दोन बिऱ्हाडांचे टीव्ही, एक फ्रीज आणि एका आजोबांचा रेडिओ गेला. न्यूट्रलची तार सैल कुणामुळे झाली हा वाद वाड्यात अजून चालू आहे. मला त्यात पडायचं नाही. पण एका टीव्हीला स्पाइक गार्ड लावलेला होता, आणि सगळ्यात आधी पेटला तो स्पाइक गार्ड.

कारण सरळ आहे. आपल्याकडच्या एमओव्हीवर बहुधा २७५ हा आकडा असतो, म्हणजे एवढं आरएमएस व्होल्टेज ती कायम सोसू शकते. ३६४ आरएमएस म्हणजे शिखर ५१५ व्होल्ट. तिथे ती प्रत्येक सायकलमध्ये दोनदा वाहते, सेकंदाला शंभर वेळा. सायकलच्या हजाराव्या भागापुरत्या कामासाठी बनवलेला पहारेकरी चोवीस तास कुस्ती खेळायला लागला तर काय होईल? तापतो, आणि उष्णतेने तुटणारा फ्यूज सोबत नसेल तर पेटतो. म्हणून नुसता सर्ज प्रोटेक्टर हे अर्धं संरक्षण नाही, काही वेळा तो जास्तीचा धोका असतो.

अमेरिकेतून येणारी बॅग

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. काकाचा बेत कळल्यावर त्याचा फोन आला, “बाबा, इथे आर. व्ही.वाल्यांसाठी खास मिळतात. बॅगेतून आणतो.” आणि काका हरखला, कारण इम्पोर्टेड या शब्दापुढे पेठेतला कट्टर माणूसही विरघळतो.

त्या वस्तूबद्दल मला आदरच आहे. तिकडे कॅराव्हॅनवाल्यांनी अनुभवातून एक फरक शिकून घेतलाय. तिकडे स्वस्तातला सर्ज प्रोटेक्टर वेगळा आणि ज्याला ते ईएमएस म्हणतात तो वेगळा. ईएमएस आधी सॉकेट तपासतो. अर्थ आहे का, तारा उलट्या आहेत का, व्होल्टेज १०४ ते १३२ च्या मध्ये आहे का. सगळं ठीक असेल तरच गाडीला वीज देतो, आणि पुढे बिघडलं तर तोडतो. ५० अँपिअरच्या मोठ्या गाड्यांना तिकडे १२० व्होल्टच्या दोन बाजू आणि एक न्यूट्रल येतो. तो न्यूट्रल तुटला की आमच्या वाड्यात झालं तेच तिकडे होतं, फक्त आकडे निम्मे. म्हणून त्यांनी हे यंत्र बनवलं.

पण ते आकडे वाचलेत ना? १०४ ते १३२! आपल्या २३० व्होल्टवर शहाणं यंत्र “जास्त व्होल्टेज” म्हणून कधीच चालू होणार नाही, आणि साधं यंत्र प्लग लावताच फटाक्यासारखं फुटेल. आपण अमेरिकेकडून घ्यायची ती विचार करायची पद्धत. यंत्र आपल्या २३० व्होल्टचंच हवं, आणि त्याचे सगळे भाग शनिवार पेठेतून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. दादाला मी म्हटलं, “तू त्या जागी चॉकलेट आण.”

टायर आणि माणूस

आता तिसरा आजार, आणि माझ्या मते हाच मुख्य. घराला पाया असतो, चाकांवरच्या घराला रबर असतं. घरातल्या फ्रीजमध्ये फेजची तार बॉडीला लागली तर अर्थच्या तारेतून करंट वाहून फ्यूज जातो. कॅराव्हॅनमध्ये सगळी गाडीच एक मोठा फ्रीज आहे. अर्थची तार जिवंत नसेल तर अख्खी पत्र्याची गाडी २३० व्होल्टवर उभी राहते. आतल्या माणसाला काहीच कळत नाही, कारण तोही त्याच व्होल्टेजवर आहे, तारेवर बसलेल्या चिमणीसारखा. कळतं ते बाहेरून येणाऱ्याला. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला. सहसा तो पाणी भरून आणणारा माणूस असतो, किंवा लहान मूल.

गेल्या मे महिन्यात काका-काकू गाडी घेऊन कोकणात गेले. मीही होते. मुक्कामाच्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, कारण अशी ठिकाणं अनेक आहेत) आम्हाला माडाला ठोकलेला एक बोर्ड दाखवला. नवा कोरा तीन भोकांचा सॉकेट. मी मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल १९४ व्होल्ट. फेज-अर्थ काहीतरी तरंगता आकडा, हात हलवला की बदलणारा. बोर्ड उघडून दाखवा म्हटल्यावर मालकांनी उघडला. माणूस भला होता. अर्थच्या टर्मिनलला तारच नव्हती. “दोन तारांवर सगळं चालतं हो ताई,” ते म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. सगळं चालतंच! पंखा चालतो, दिवा लागतो, फ्रीज गार होतो. अर्थिंगची गंमत हीच आहे की ते नसताना काहीही बंद पडत नाही. ज्या वस्तूच्या अभावाने काही अडत नाही, ती वस्तू आपण सगळ्यात शेवटी आणतो.

चौथा आजार, तो जंपर, याच्याही पुढचा. वरवर तो उपाय वाटतो, टेस्टिंगमध्येही ‘अर्थ आहे’ असंच दाखवतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा तारा उलट झाल्या की फेज थेट अर्थच्या तारेतून गाडीच्या पत्र्यावर येतो. आणि ही तार गाडीतल्या आरसीसीबीतून जातच नाही, त्यामुळे तो पडला तरी पत्रा जिवंतच राहतो. याच्यावर गाडीत बसवता येईल असा साधा-सोपा उपाय मला सापडलेला नाही. सॉकेट देणाऱ्याला विचारणं आणि अर्थिंगचा खड्डा डोळ्यांनी बघणं, हाच उपाय. मीटरने एक सुगावा लागतो. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडे तरी व्होल्ट दिसायला हवेत. अगदी ठणठणीत शून्य दिसलं तर शंका घ्यावी.

मग घ्यायचं काय?

काकाच्या गाडीत आम्ही जे केलं ते सांगते, क्रमासकट. क्रम महत्त्वाचा आहे.

एक. बाहेरून येणाऱ्या केबलला सगळ्यात आधी ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी. जुन्या लोकांच्या भाषेत ईएलसीबी. अर्थ नसतानाही, करंट माणसातून जमिनीत जाऊ लागला तर हा तोडतो. झटका बसतो, पण माणूस राहतो. हा पहिला, कारण फ्रीज दुसरा मिळतो.

दोन. ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. आम्ही १९० च्या खाली आणि २६० च्या वर तोडायला लावला, आणि परत जोडायला तीन मिनिटांचा उशीर, म्हणजे फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला श्वास घेता येतो. तुटलेल्या न्यूट्रलचं हे खरं औषध. त्या माडाच्या बोर्डवरचे १९४ व्होल्ट एसी सुरू करताच १८० वर आले असते तर यानेच एसी वाचवला असता.

तीन. आणि आता कुठे सर्ज प्रोटेक्टर. बोर्डात बसणारा टाइप २ चा. टाइप १ हा इमारतीत वीज जिथून शिरते तिथे, थेट विजेच्या लोळाचा वाटा झेलायला. टाइप ३ उपकरणाजवळचा, आपली पांढरी पट्टी त्यातली. गाडीला टाइप २ पुरतो. घेताना दोन गोष्टी बघा. आत उष्णतेने तुटणारी व्यवस्था आहे ना, आणि निकामी झाल्यावर रंग बदलणारी खिडकी आहे ना. आणि त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. हा फंडा ओरलला विचारतात म्हणून नीट सांगते. मीटरभर तारेला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स. मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर या वेगाने करंट चढला तर त्या मीटरभर तारेवरच हजार व्होल्ट पडतात. महाग प्रोटेक्टर घेऊन तार ऐटीत गोल फिरवून लावली, तर पैसे तारेत गेले.

चार. केबल. आमचा दिंडी दरवाजा ट्रॅव्हलरला पुरत नाही, त्यामुळे गाडी बोळाच्या तोंडाशी आणि केबल पहिल्या मजल्याच्या खिडकीतून. ती तीन कोअरची, जाड आणि ड्रमवरून पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकता येत नाही. प्लग घट्ट बसणारा निळा इंडस्ट्रियल. युरोपात कॅराव्हॅन तळांवर हाच असतो.

आणि या सगळ्याच्या आधी, वाड्यातला तो एक सॉकेट. तिथे आम्ही लायसन्सवाल्या वायरमनकडून कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला आणि जाड पट्टी बोर्डापर्यंत आणली. वाड्याच्या चौकात खड्डा खणतोय म्हटल्यावर गुप्तधनाची अफवा उठली ती वेगळीच. पण आता त्याच पट्टीवर खालची दोन बिऱ्हाडंही जोडली आहेत. एका गाडीच्या लाडापायी वाड्यातल्या तीन घरांना अर्थिंग मिळालं. या सगळ्याचं बिल काकाच्या म्युझिक सिस्टिमपेक्षा कमी झालं, हे काकूने सगळ्यांना सांगितलंय.

“आमचं काही बिघडलं का?”

याच्या विरुद्ध दोन मुद्दे येतात. पहिला जरा वजनदार आहे. छपरावर सोलर लावा, मोठी बॅटरी ठेवा, कुणाच्या सॉकेटला शिवूच नका. खरं आहे. पंखे, दिवे, मोबाइल एवढंच असेल तर हा सगळ्यात उत्तम सर्ज प्रोटेक्टर. वळवाचे ढग दिसले की प्लग काढून ठेवणं हासुद्धा फुकटचा आणि शंभर नंबरी उपाय. पण एसी आला की बॅटरी पुरत नाही, आणि कोकणच्या मे महिन्यात काकू एसीशिवाय येत नाही. मग सॉकेट आलाच.

दुसरा मुद्दा आजोबांचा. “लाकडी पट्टीवरचं वायरिंग, चिनी मातीचे कटआउट, दोन पिनांचे प्लग. पन्नास वर्षं काढली, काही झालं का?” यावर मी एवढंच म्हणेन की त्या काळी घरात तीन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ होता. लाकडी पेटीतल्या रेडिओला धरून कुणी ओल्या फरशीवर उभं राहत नव्हतं. आता गीझर आहे, वॉशिंग मशीन आहे, पत्र्याच्या बॉडीचा फ्रीज आहे. आजोबांचं वायरिंग आजोबांच्या लोडसाठी बरोबर होतं. लोड आपण बदलला, तार मात्र त्यांचीच ठेवली.

आता आपल्याकडे

मित्रमैत्रिणींनो, आता हळूच स्वतःच्या खोलीत बघा. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेवर मनगट ठेवलं की बारीक झिणझिण्या येतात का? सॉकेटमध्ये अर्थ नसल्याची ती खूण असू शकते. अडॅप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून बॉडीवर आलेला करंट अगदी थोडा असतो, मारत नाही. पण त्याला जायला वाट नाही, हे तो सांगत असतो. आणि त्याच सॉकेटमध्ये पहाटे आपण बादलीत रॉड टाकतो. काही खोल्यांत तर प्लगही नाही, दोन उघड्या तारा आणि त्या घट्ट बसवायला काडेपेटीच्या काड्या! तिथे शेजारी दिमाखात सर्ज प्रोटेक्शन लिहिलेली पट्टी. म्हणजे लॅपटॉपला हेल्मेट आणि मालक बोडका.

सरकार कॅराव्हॅन तळांना प्रोत्साहन देतंय ही चांगली गोष्ट आहे. माझी मागणी एवढीच की प्रत्येक तळावर, प्रत्येक खांबावर एक पाटी असावी. अर्थिंग कधी तपासलं, रेझिस्टन्स किती आला, सही कोणाची. लिफ्टमध्ये तपासणीचा कागद लावतात तसा. नुसता ‘वीज उपलब्ध’ असा बोर्ड म्हणजे ‘पाणी उपलब्ध’ म्हणून विहीर दाखवण्यासारखं आहे. पिण्याचं आहे का, ते आपण ओळखायचं.

पण सरकारला सांगण्याआधी आपल्या रेक्टर सरांना सांगते, कारण ते हा लेख वाचतील अशी आशा आहे. इलेक्ट्रिकलच्या टी.ई.च्या मुलामुलींना एक रविवार द्या. मीटर डिपार्टमेंटचे, लॅब असिस्टंट सोबत, बोर्ड उघडायचं काम कॉलेजच्या वायरमनचं. खोलीवार यादी करू. अर्थ आहे, नाही, शंका आहे. तीनच रकाने. त्याचे मार्क नकोत, सर्टिफिकेट नको. मेसमध्ये त्या दिवशी श्रीखंड ठेवलंत तर विरोध नाही. यादी नोटिस बोर्डवर लावा, आणि ज्या सॉकेटपुढे ‘नाही’ लिहिलंय ते पुढच्या सेमिस्टरच्या आधी दुरुस्त करा. गीझर आणि रॉडच्या लाइनवर मजल्यागणिक एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

हे झालं की स्पाइक गार्ड जरूर घ्या. तेव्हा मात्र दुकानदाराला मेथीच्या जुडीइतके तरी प्रश्न विचारा.